पांढरी चार

फोन शेजारच्या मास्तरांकडे आला. आमच्याकडे अजून फोन नाही, आणि जळगावहून माझ्यासाठी मास्तरांच्या नंबरवर फोन आला की तो रज्जाकभाईंचा आणि कार्यक्रमाचाच, हे गेली कित्येक वर्षं ठरलेलं. म्हणून मी भरताची वांगी गॅसवर तशीच ठेवली, पदराला हात पुसत अनवाणीच धावले आणि रिसीव्हर उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोला भाई, कुठली सुपारी आली?" पलीकडे त्यांची मुलगी नसीम होती. ती म्हणाली, "अक्का, अब्बा गेले." सकाळी नेहमीसारखं दुकान उघडलं, कुठल्याशा भजनी मंडळाची पेटी खोलून तिचा भाता तपासायला घेतला, आणि बसल्या जागीच... मी घरी आले तेव्हा वांग्यांचा कोळसा झाला होता. घरभर धूर, आणि मी त्या धुरात उभी. आमचे हे कामावरून आले तोवर मी तशीच उभी होते, असं ते सांगतात. मला आठवत नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी काही लिहिणारी बाई नाही, गाणारी आहे, आणि तोंडानंही जरा फटकळच आहे. पण आमच्या गाण्याच्या पार्टीचे मालक नाना म्हणाले, शकू, तू लिहिलं पाहिजेस, तुझ्याइतकं त्यानं दुसऱ्या कुणासाठी केलेलं नाही. नाना असं म्हणाले तेव्हा त्यांनाही निम्मंच माहीत होतं. मलाही. उरलेलं निम्मं मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं, म्हणून लिहायला बसले. रडगाणं लिहिणार नाही. हा माणूस जिंकून गेला, आणि जाताना मलाही जिंकवून गेला, एवढंच सांगायचंय.

रज्जाकभाई म्हणजे जळगावचे पेटीवाले. बाप पेट्या दुरुस्त करायचा, हेही तेच. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. स्पिरीटचा, लाकडाच्या भुश्याचा आणि चामड्याचा वास. लाईटवर चालणारी पेटी, म्हणजे कीबोर्ड, आमच्या भागात यायला लागला तेव्हा बाकीच्या पेटीवाल्यांनी बोटं मोडली. यांनी काय केलं, तर मुंबईला जाऊन दुसऱ्या हाताचे दोन कीबोर्ड घेऊन आले आणि नानांच्या पार्टीत दाखल झाले. एक वर, एक खाली, असे लोखंडी घोडीवर ठेवायचे आणि दोघांच्या मध्ये एक जाड वायर. मिडीची वायर म्हणायचे तिला. वाजवायचे वरचा, आणि त्याच्याबरोबर खालच्यातून सनई निघायची. मला वाटायचं, वरचा आवाज वायरीतून खाली जातो. एकदा विचारलं तर हसले. म्हणाले, "ह्या वायरीतून आवाज जात नाही अक्का, निरोप जातो. कुठलं बोट पडलं, किती जोरात पडलं, एवढाच निरोप. आवाज खालच्यानं आपला आपण काढायचा." मला त्यात फार काही कळलं नाही. तेव्हा मी तरुण होते, आवाज काळी चारात खणखणीत लागायचा, कशाला कळून घेऊ?

पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगते. काळी चार म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाणं. बाईच्या आवाजाला ती पट्टी उंच, आणि तिथं माझा आवाज असा जायचा की नाना ढोलकी वाजवता वाजवता मान हलवायचे. साक्री माझं माहेर, तिथल्या बाजारात लोक मला 'वरच्या पट्टीवाली' म्हणून ओळखायचे. मग नव्वदच्या आसपास गळ्याला गाठ आली. थायरॉईड. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, सगळं नीट झालं, फक्त आवाज परत आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा. जाड, खालचा, आणि वर चढवायला गेले की फाटायचा. घरात कुणाला सांगितलं नाही. नानांना तर नाहीच. म्हटलं, होईल हळूहळू. आणि तोवर एको आहेच.

एको म्हणजे आमच्या खान्देशातल्या पार्ट्यांचा जीव की प्राण. चार गोल बटणांचा डबा, बोललेलं परत परत ऐकवणारा. तो नसला तर लोकांना माईक बिघडला वाटतं. पाहुण्यांनी जेवून घ्यावे, हीसुद्धा सूचना एकोतच, वे वे वे करत मांडवाच्या त्या टोकाला जाते. नरडाण्याला एका लग्नात हळदीचा कार्यक्रम होता, माझा ऑपरेशननंतरचा पहिला. मी भाईंना हळूच सांगितलं, आज एको पूर्ण उघडा. ते म्हणाले, नको अक्का. मी म्हटलं, मी गाणार की तुम्ही? त्यांनी मान खाली घातली आणि बटण फिरवलं. दुसऱ्याच गाण्यात वरच्या सा वर माझा आवाज चिरकला. बरं, एकदा चिरकला असता तर चाललं असतं, ढोलकीत बुडाला असता. एकोनं तो चारदा ऐकवला. सगळा मांडव ऐकतोय, आणि माझीच फाटलेली किंकाळी माझ्याच मागे लागलीय, एक, दोन, तीन, चार. पोरांनी तर खेळच केला त्याचा. मी माईक ठेवला आणि मागे गेले.

मागे गेले आणि भाईंवर तुटून पडले. तुम्हाला बंद करता येत नव्हतं? मुद्दाम केलंत? पेट्या खोलून खोलून तुमचे कान गेलेत... आणखीही बोलले, ते इथे लिहिणार नाही, माझीच मला लाज वाटते. ते वायरी गुंडाळत ऐकत राहिले. माझं सगळं संपल्यावर म्हणाले, "एको म्हणजे गाडीमागची धूळ, अक्का. गाडी खड्ड्यात गेली तर धूळ कमी करून काय होणार, आणि जास्त करून काय होणार? जे करायचं ते आवाज निघायच्या आधी करावं लागतं. रविवारी जळगावला या."

इकडे नानांनी निर्णय सांगून टाकला. नाना वाईट माणूस नाही, पण पार्टी चालवायची म्हणजे दहा घरं चालवायची. ते म्हणाले, भुसावळची एक मुलगी आहे, वरच्या पट्टीत गाते. कानबाईपर्यंत तुझं जमलं तर तू, नाही तर ती. कानबाई म्हणजे आमचा श्रावणातला मोठा सण, रविवारी देवी बसते, सोमवारी दिवसाढवळ्या वाजत गाजत निघते, आणि तिच्या मिरवणुकीत ज्या पार्टीचं नाव होतं त्या पार्टीला वर्षभर काम पुरतं. माझ्याकडे तेवढेच दिवस होते. गाण्यावाचून मी कोण होते? शकुंतला, दोन मुलांची आई, ह्यांची बायको. ते काही कमी नाही. पण माझं स्वतःचं असं एकच होतं, आणि तेच जायला निघालं होतं.

रविवारी एसटीनं जळगावला गेले. भाईंनी एक जुनी हातपेटी पुढ्यात घेतली आणि म्हणाले, गा, मी कुठं बोट ठेवतो ते बघू नका. काळी चार दिली, फाटला. पांढरी पाच दिली, तरी फाटला. काळी तीनला जरा टिकला. मग त्यांनी आणखी एक घर खाली, पांढरी चार दिली, आणि तिथं आवाज असा बसला... पाटावर मांडी घालून बसावा तसा. मी वर गेले, खाली आले, कुठं अडलं नाही. भाई भाता मारायचं थांबले तरी मी गातच होते. आणि गाता गाता रडायला लागले, कारण तो आवाज मला बाईचा वाटेना. म्हटलं, हा काय आवाज आहे भाई, पुरुषासारखा. ते शांतपणे म्हणाले, "घर बदललंय अक्का. माणूस तेच आहे."

पण नानांचं काय? नानांच्या पार्टीत चाळीस गाणी काळी चारात बसवलेली. पेटीवरची पट्टी बदलली की सगळी बोटं बदलतात, वाजवणाऱ्याला प्रत्येक गाणं नव्यानं शिकावं लागतं. नाना सरळ म्हणाले, एका बाईसाठी चाळीस गाणी परत बसवायची? कोण बसवणार? मी दारात उभी होते. वाटलं, परत फिरावं, कशाला कुणाला त्रास. तेवढ्यात भाई म्हणाले, "बसवायची कुणी नाहीत. मशीन करतं." आणि नानांना वरच्या कीबोर्डवरचं एक छोटं बटण दाखवलं. ट्रान्सपोज. तीनदा दाबलं की सगळी पेटी तीन घरं खाली सरकते, बोटं आहेत तिथंच राहतात. नानांना बटण नीट दिसेना, तर भाईंनी माझ्याकडे एक टिकली मागितली. मी पाकिटातली लाल टिकली काढून दिली, ती त्यांनी बटणावर चिकटवली आणि म्हणाले, हे अक्कांचं बटण. मग एक गाणं जुन्या पट्टीत वाजवलं, टिकलीवर तीनदा बोट टेकवलं, आणि तेच गाणं पांढरी चारात. आम्हा सगळ्यांचे डोळे टिकलीवर. नाना खूश. खर्च नाही, मेहनत नाही, मग काय हरकत आहे? भाई एवढंच म्हणाले की मशीन आहे, सेटिंगला दीड महिना लागेल.

त्या दीड महिन्यात मी घरी रोज पांढरी चारात गात होते. भाई कधी पार्टीच्या गाडीत भेटायचे. डोळे मिटून बसलेले, आणि दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर चालत असायची. कधी डब्याच्या झाकणावर, कधी पुढच्या सीटच्या दांड्यावर. एकदा मी चिडवलं, भाई, गुडघ्याला खाज सुटली का? ते नुसते हसले. मला वाटलं, सवय असेल. एवढा डोळ्यांसमोरचा प्रकार, पण माझ्या मेलीच्या डोक्यात काही शिरलं नाही.

कानबाईचा सोमवार उजाडला. धुळ्यातली आमची गल्ली, बाया नटलेल्या, देवीच्या अंगावर साडी, कुंकू, फुलं, आणि एकेक बाई पुढे होऊन तिला डोक्यावर घेऊन नाचायची. आमची हातगाडी मागे. त्यावर भाईंची घोडी, दोन कीबोर्ड, कर्णे, आणि आणखी मागच्या गाडीवर जनरेटर धडधडत. निघताना भाई म्हणाले, अक्का, तुमचं बटण तुम्हीच दाबा. मी देवीला हात जोडावेत तसं टिकलीवर तीनदा बोट टेकवलं. एको त्यांनी अगदी नखाएवढा ठेवला होता. मी पहिलं कानबाईचं गाणं धरलं. बाया वळून वळून बघत होत्या. नरडाणं आठवलं.

आणि मग एक आवाज आला. माझ्याच वयाची एक बाई, देवीच्या मागे चालणारी, माझ्याबरोबर गायला लागली. मग तिची सासू. मग पाच, मग पंधरा. इतकी वर्षं मी काळी चारात गात होते आणि ह्या बाया नुसत्या ऐकत होत्या, कारण तेवढं वर त्यांचा आवाज जायचाच नाही. दळता कांडता, पोरं निजवताना, त्या गात होत्या ते सगळं ह्याच खालच्या पट्टीत, आणि आज पहिल्यांदा माईकवरची बाई त्यांच्या पट्टीत उतरली होती. एक म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली, "इतला दिन तू एकटीच गाये, आते आमले बी जमस व माय." पुढची ओळ मी तिच्याकडे बघत गायले, आणि आवाज फाटला नाही.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. खाटकन. माईक गेला, कीबोर्ड गेला, सनई गेली. पण बाया थांबल्या नाहीत. त्यांना माईक नव्हताच, त्यांचं काय जायचं? सगळ्या, बठ्ठ्या बाया गातच राहिल्या, आणि मी त्यांच्यात मिसळून गात राहिले. नानांनी ढोलकी थांबवली होती, ती त्यांनी हलक्या हातानं परत धरली. चार-पाच मिनिटं अशीच गेली. मग जनरेटर खोकला, सुरू झाला, आणि सुरू झाल्याच्या क्षणाला, बायांच्या त्याच सुरात, तीळभरही इकडेतिकडे नाही, भाईंचा कीबोर्ड उठला आणि त्याच्याखालून सनई. अख्खी गल्ली नाचली. नानांनी ढोलकीवर असा हात टाकला की वादी तुटायची बाकी राहिली. मिरवणूक नदीवर पोहोचायच्या आत पुढच्या वर्षीच्या दोन सुपाऱ्या आल्या, आणि भुसावळच्या मुलीचं नाव नानांनी पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी सामान आवरताना माझ्या लक्षात आलं. म्हटलं, भाई, लाईट आल्यावर मी बटण दाबलंच नाही की. ते वायर गुंडाळत म्हणाले, एकदा दाबलं की मशीन लक्षात ठेवतं. झालं. मी विश्वास ठेवला. त्यानंतर सात वर्षं आम्ही साक्रीला गायलो, रावेरला गायलो, आमच्या कार्यक्रमाची कॅसेट केळीच्या ट्रकांमधून कुठं कुठं गेली ते देवालाच माहीत, लोक मला 'खालच्या पट्टीवाली' म्हणायला लागले, आणि मी ते नाव मिरवलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी मी टिकलीवर तीनदा बोट टेकवायची. टिकली झिजली की नवीन लावायची. भाई गंभीर चेहरा करून बाजूला उभे राहायचे, जणू मोठं शास्त्र चाललंय.

पंधरा दिवसांपूर्वी नसीमनं बोलावलं म्हणून जळगावला गेले. दुकान तसंच होतं. ती भजनी मंडळाची पेटी अजून उघडीच. नसीम शाळेत संगीत शिकवते, बोट वडिलांचंच. ती म्हणाली, अब्बांनी सांगून ठेवलं होतं, वरचा कीबोर्ड अक्कांना द्यायचा. तिनं तो फडक्यातून काढला. टिकली होती जागेवर, मीच रावेरला लावलेली. मी म्हटलं, लाव बाई वायर, पांढरी चारात काहीतरी वाजव, ऐकू दे. आणि सवयीनं टिकलीवर तीनदा बोट टेकवलं. नसीम माझ्याकडे बघत राहिली.

"अक्का, ते बटण मेलेलं आहे," ती म्हणाली. "अब्बांनी मुंबईहून आणला तेव्हापासून. आणि चालू असतं तरी लाईट गेल्यावर हे मशीन काही लक्षात ठेवत नाही."

मला आधी कळेचना. मग ती जनरेटरची चार-पाच मिनिटं आठवली. गुडघ्यावरची बोटं आठवली, डब्याच्या झाकणावरची, सीटच्या दांड्यावरची. सेटिंगचा दीड महिना आठवला. चाळीस गाणी. एका बाईसाठी चाळीस गाणी कोण परत बसवणार, असं नाना म्हणाले होते ना, तर ती बसवणारा तिथंच उभा होता, बटणाला टिकली चिकटवत. मी नसीमला विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? सात वर्षं? तिनंही त्यांना विचारलं होतं एकदा. ते तिला म्हणाले होते, "माणसानं मेहनत केली कळलं, की अक्कांना ओझं होईल. मशीनचं ओझं कुणाला होत नाही, बेटा."

मी हसायला लागले. खरं सांगते, आधी हसूच आलं. सात वर्षं मी बाई एका मेलेल्या बटणाला भक्तिभावानं बोट लावत होते, आणि हा माणूस बाजूला उभा राहून चेहऱ्यावरची माशी हलू देत नव्हता. हसता हसता डोळे वाहायला लागले, तेही थांबेनात. मग मी खाली वाकून पट्ट्या बघितल्या. काळी चारची पट्टी बऱ्यापैकी नवी होती. पांढरी चार पिवळी पडून मधोमध गुळगुळीत झाली होती, बोट आपोआप तिथं जाऊन बसत होतं.

कीबोर्ड आता धुळ्याला माझ्या घरी आहे. येत्या कानबाईला नसीम वाजवायला येणार आहे, तिचं आणि नानांचं तसं ठरलंय. परवा आली होती तालमीला. चाळीसातली अकरा गाणी तिची पांढरी चारात बसली, बाकीची ती म्हणे येता जाता गाडीत करते. जायला निघाली तेव्हा म्हणाली, "अक्का, ते बटण दुरुस्त करून घेऊ का? आता मिळतं जळगावात."

मी म्हटलं, "हात लावू नकोस त्याला."